दुसरा साक्षीदार आणायचा कुठून?

रेल्वे स्टेशनबाहेर ‘टेहळणी बुरूज’ मासिकाचा स्टँड लावून निमूट उभी असणारी माणसं म्हणजे यहोवाचे साक्षीदार, एक ख्रिस्ती पंथ. राष्ट्रगीत न गाणाऱ्या केरळच्या तीन मुलांना शाळेनं काढलं आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं, ती मुलं याच पंथाची. ऑस्ट्रेलियात २०१५ साली हा पंथ वेगळ्याच कारणानं, बालकांच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारींवरून, चौकशीच्या पिंजऱ्यात आला.

पंथाच्या स्थानिक मंडळीचा (म्हणजे तिथल्या अनुयायांच्या समूहाचा) कारभार ‘वडील’ बघतात. (मराठीत हा शब्द जरा जास्तच बोचतो.) सगळे पुरुष. तक्रार आली की दोघं विचारपूस करतात, पुरावा पटला तर तिघांची समिती बसते (२०२४ पर्यंत तिला ‘न्यायिक समिती’ म्हणत). पुरावा म्हणजे आरोपीची कबुली, नाहीतर दोन साक्षीदार. आधार बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या १९:१५ या वचनाचा: एकाच्याच साक्षीवर कुणाला दोषी धरू नये. हेतू वाईट नव्हता. एकाच्या खोट्या जबानीपायी कुणाचा जीव जायला नको. पण लेकराशी होणारं हे कृत्य दार लावूनच होतं. त्याच माणसाविरुद्ध दुसरं मूल पुढं आलं तर ते दुसरा साक्षीदार धरलं जाई. तोवर प्रकरण यहोवावर, म्हणजे देवावर, सोपवायचं.

बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशननं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या आयोगानं, पंथाचं दप्तर मागवलं. १९५० पासूनचे १,००६ आरोपी त्यात निघाले. ५७९ जणांनी कबुलीही दिलेली. ४०१ बहिष्कृत झाले, त्यातले २३० पुढं परत घेतले गेले. पंथानं स्वतःहून पोलिसांना कळवलेलं प्रकरण एकही नव्हतं. एका तरुणीला तर वडीलमंडळींपुढं सगळं सांगावं लागलं, आणि ज्याच्याविरुद्ध सांगायचं तो तिचा बापच समोर बसलेला.

पंथाच्या नियमन मंडळाचे जेफ्री जॅक्सन यांची साक्ष व्हिडिओवरून झाली. आयोगाचे वकील अँगस स्टुअर्ट यांनी बायबलच उघडलं. ‘अनुवाद’च्याच २२ व्या अध्यायात रानात एकट्या गाठलेल्या मुलीचा दाखला आहे: ती ओरडली, वाचवायला कुणी नव्हतं, तरी शिक्षा पुरुषालाच. तिथं कुठे होते दोन साक्षीदार? हे येशूला विचारायला मला आवडेल, सध्या ते शक्य नाही, अशा अर्थाचं उत्तर जॅक्सननी दिलं. अख्ख्या सुनावणीत मला हीच जागा सगळ्यात बोलकी वाटते.

पंथाचा बचाव असा, की कायदा सांगेल तिथं आम्ही कळवतो. तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच राज्यांत धर्मगुरूंवर तसं बंधनच नव्हतं. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ प्रत्येकाला लागू आहे. गुन्हा कळूनही गप्प राहणाऱ्याला तुरुंग होऊ शकतो.

पीडितांच्या भरपाईची राष्ट्रीय योजना २०१८ मध्ये सुरू झाली. पंथ आधी बाहेरच राहिला, २०२१ मध्ये दबावाखाली आत आला. दरम्यान मे २०१९ च्या ‘टेहळणी बुरूज’नं खुलासा केला होता: पोलिसांत जायला दोन साक्षीदार लागत नाहीत. न्यायिक समिती बसवायला मात्र लागतात.