नाचणीचं सत्त्व आणि पहिल्या बिअरवाल्या

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात नाचणीचं सत्त्व सहज मिळतं, पण काही घरांत ते अजून आजीच्याच हातचं लागतं. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. बिअरच्या कारखान्यात बार्लीचं हेच करतात. तिथे त्याला माल्टिंग म्हणतात आणि पगार मिळतो.

मोड फुटताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून साखर करतं. साखरेचं मद्य करणाऱ्या यीस्टला स्टार्च पचत नाही, साखर लागते. आपल्या जिल्ह्यातल्या ताडीला ही अडचणच नाही, कारण रसात साखर आयतीच असते. सकाळची नीरा उन्हं चढेपर्यंत आंबायला लागलेली असते. धान्याचं मद्य मात्र डोकं लावल्याशिवाय होत नाही. दळण-कांडण आणि भिजवणं-आंबवणं जिच्याकडे, तिनेच ते लावलं असणार.

स्टार्च फोडायचे मार्ग तीन सापडले. एक मोडांचा. दुसरा लाळेचा: आपल्या लाळेतही अमायलेज असतं, म्हणून अँडीज पर्वतात बायका मक्याचं पीठ तोंडात घोळवून ‘चिचा’ नावाची बिअर करत. नाक मुरडू नका, नंतर ते तासन् तास उकळतात. पेरूमधल्या सेरो बाउल इथे वारी नावाच्या प्राचीन लोकांच्या हजारेक वर्षांपूर्वीच्या चिचाच्या भट्टीत उच्चकुलीन स्त्रियांच्या शालीच्या टाचण्या सापडल्या. म्हणजे हे काम मोलकरणींवर सोपवलेलं नव्हतं. तिसरा मार्ग बुरशीचा. झारखंडची हंडिया, म्हणजे भाताची बिअर, ‘रानू’च्या गोळ्यांनी आंबवतात, त्यातली बुरशी साखर करते आणि यीस्ट लगोलग तिचं मद्य.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, बिअरची देवीच होती, निनकासी. इ.स.पू. १८००च्या सुमाराच्या तिच्या स्तोत्रात धान्य भिजवण्यापासून गाळण्यापर्यंतची कृती येते. तिथल्याच सुमेरच्या राजावलीत, म्हणजे राजांच्या यादीत, कुबाबा नावाची गुत्तेवाली चक्क किश नगरीची राणी आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबीच्या कायद्यात मात्र मापात मारणाऱ्या गुत्तेवालीला पाण्यात फेकायची शिक्षा आहे. कायद्याने गुत्तेवाली बाईच गृहीत धरली, हा मला सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

मग धंदा हातचा गेला कसा? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बायका घरीच ‘एल’, म्हणजे हॉप्सच्या फुलांविना केलेली बिअर, गाळत आणि उरलेली शेजारीपाजारी विकत. ती काही दिवसांतच बिघडे. हॉप्स घातलेली बिअर टिकते. त्या फुलांतली कडू द्रव्यं काही जिवाणूंना वाढू देत नाहीत. बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन जोगिणीने हॉप्सचा हा गुण लिहून ठेवला, हा दैवदुर्विलासच. माल टिकू लागला तसा तो लांब जाऊ लागला. मोठी पिंपं, कर्ज, गिल्डचं, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाचं, सदस्यत्व लागू लागलं, आणि ते बायकांना सहसा मिळत नसे. हंडिया आजही फार टिकत नाही. झारखंडच्या आठवडी बाजारात ती अजून बायकाच विकतात.