बाळंतीण घरी गेल्यावर चढणारं बीपी

शालोन आयर्व्हिंग अमेरिकेत, अटलांटाच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेत साथरोगतज्ज्ञ होत्या. समाजातली विषमता माणसाच्या तब्येतीत कशी उतरते, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये त्यांना मुलगी झाली आणि तीनच आठवड्यांत वाढलेल्या बीपीच्या गुंतागुंतीने त्या गेल्या. वय ३६. त्या कृष्णवर्णीय होत्या. मधल्या दिवसांत दवाखान्याच्या फेऱ्या त्यांनी चुकवल्या नव्हत्या.

बाळ झालं की बीपीची काळजी मिटली, असं आपल्याला वाटतं. खरं तर गरोदरपणात अंगात साचलेलं पाणी बाळंतपणानंतर रक्तवाहिन्यांत परत येतं आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास दाब सर्वांत वर जातो. तोवर बाळंतीण घरी पोचलेली असते. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे ठिपके येतात, धाप लागते, आणि सगळं जागरणाच्या नावावर खपून जातं. आकडा १६०/११० वर गेला की मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

२०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे ५०.३ मृत्यू झाले, गोऱ्या मातांचे १४.५. ही तफावत रक्तातून आलेली नाही. तक्रार ऐकून न घेणं, विमा तुटणं, बाळंतपणानंतर लगेच कामावर रुजू व्हावं लागणं, यांतून ती आली आहे. शालोन यांच्या पदव्यासुद्धा त्यांना वाचवू शकल्या नाहीत, हे मला फार लागतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. बीपी वाढलेल्या बाळंतिणींना मशीन देऊन घरी पाठवायचं आणि आकडा रोज दोनदा मोबाईलवरच्या मेसेजने मागवायचा. ज्या गटाला तपासणीसाठी दवाखान्यात बोलावलं होतं, त्यात पहिल्या १० दिवसांत येऊन बीपी तपासून घेणाऱ्या कृष्णवर्णीय माता जेमतेम ३३ टक्के होत्या. मेसेजच्या गटात ९३ टक्के कृष्णवर्णीय मातांचं बीपी कळलं. म्हणजे हयगय त्यांची नव्हतीच. अंगावर पिणारं बाळ घेऊन दोन बस बदलत येण्याची अट चुकीची होती.

पण आकडा कळणं म्हणजे उपचार नव्हे. लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय न्हाव्यांच्या दुकानांत बीपी वाढलेल्या गिऱ्हाइकांवर झालेल्या, २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासात हेच दिसलं. जिथे औषधतज्ज्ञ दुकानात येऊन गोळ्या लिहून देत, तिथे गिऱ्हाइकांचा वरचा दाब सरासरी २७ अंकांनी उतरला. नुसत्या सल्ल्याने ९ अंकांनीच.

बाळंतिणीसाठी ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. ती दुकानात येणार नाही, तिच्याकडेच जावं लागेल. वस्तीतली आरोग्यसेविका किंवा डूला, म्हणजे बाळंतपणात आणि पुढेही सोबत राहणारी बाई, हे काम करू शकते. तिच्या पिशवीत मोठा पट्टाही हवा, कारण जाड दंडावर लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल ही औषधं अंगावर पाजतानाही चालतात, हे तिला ठाऊक हवं. गोळी मात्र ती लिहून देऊ शकत नाही. म्हणून रात्री दोन वाजता आकडा १६५ दिसला तर फोन कोणता डॉक्टर उचलणार, त्याचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी मशीनच्या डब्यावर लिहिलेला हवा.