अध्यक्षपदावरचे शिक्षक : अध्ययन अक्षमतेच्या कामाची पार्श्वभूमी, नाशिकमधून पाहताना

अध्ययन अक्षम, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत अडणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक संस्थेची कार्यकारिणी पाहिली, तर तिच्यात डॉक्टर एखाददुसरे आणि शिक्षक मात्र बरेच, असे चित्र नाशिकमध्ये काय किंवा राज्यातल्या अशाच दुसऱ्या शहरात काय, बहुधा आढळते. अध्यक्षा निवृत्त मुख्याध्यापिका, कार्यवाह अजून सेवेत असलेल्या भाषेच्या शिक्षिका आणि खजिनदार पालकांपैकी कोणी बँकेतले गृहस्थ, अशी साधारण रचना असते. ही पदे मानद असतात. झेरॉक्स, टपाल आणि रिक्षाभाडे यांत थोडीफार पदरमोडच होते. निदान वैद्यकीय, प्रमाणपत्र शासकीय आणि संस्था चालवणारे मात्र शिक्षक, ही वाटणी कशी झाली हे समजण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

या अवस्थेला पहिली नावे दिली ती डोळ्यांच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी. जर्मनीत कुसमाउल यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ या अर्थाची संज्ञा वापरली आणि श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये ‘डिस्लेक्सिया’ (वाचनदोष) हा शब्द रूढ केला. मात्र त्यांच्यासमोर होते ते मेंदूला इजा झाल्यामुळे वाचन गमावलेले प्रौढ रुग्ण. जन्मतःच वाचनात अडखळणाऱ्या मुलाची प्रसिद्ध नोंद ७ नोव्हेंबर १८९६ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. इंग्लंडमधल्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या पर्सी या मुलाची हकिगत तीत दिली आहे. हा मुलगा हुशार, खेळात तरबेज आणि अंक सहज वाचणारा होता, पण स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करी आणि ती त्याच्या ध्यानातही येत नसे. त्या छोट्याशा टिपणात एक वाक्य त्याच्या शिक्षकाचे आहे : शिक्षण सगळे तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. निदान डॉक्टरांच्या नावावर जमा झाले, पण त्यातली विसंगती आधी हेरली होती ती काही वर्षे त्याला शिकवणाऱ्या मास्तरांनी, आणि त्या मास्तरांचे नाव टिपणात नाही.

विसाव्या शतकात अमेरिकेत मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन आणि अध्यापिका ॲना गिलिंगहॅम यांनी मिळून डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लावणारी वाचनपद्धती घडवली. पुढे ६ एप्रिल १९६३ रोजी शिकागोत पालकांच्या एका परिषदेत शिक्षणतज्ज्ञ सॅम्युएल कर्क यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटीज’ (अध्ययन अक्षमता) ही संज्ञा पुढे केली. वेगवेगळ्या नावांनी ओळखली जाणारी मुले त्यामुळे एका छत्राखाली आली आणि विखुरलेल्या पालकगटांची राष्ट्रीय संघटना लगेचच उभी राहिली. तिकडे चळवळीचा पुढाकार पालकांचा राहिला. आपल्याकडे तो शिक्षकांकडे अधिक झुकला, याची कारणे आपल्या शाळांच्या आणि संस्थांच्या इतिहासात आहेत.

शिक्षकानेच संस्था उभारायची आणि तीही तुटपुंज्या वेतनावर चालवायची, ही रीत महाराष्ट्राला १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांपासून परिचित आहे. नाशिकमध्ये १९१४ पासून मराठा विद्या प्रसारक समाज आणि १९१८ मध्ये स्थापन झालेली गोखले एज्युकेशन सोसायटी यांच्या शाळा-महाविद्यालयांनी शिक्षणसंस्था म्हणजे गावाचे सार्वजनिक काम ही समजूत घरोघरी रुजवली. अपंगत्वाच्या क्षेत्रातला नाशिकचा ठळक दाखला रजनी लिमये यांचा आहे. स्वतः शिक्षिका आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची आई असलेल्या रजनीताईंनी १९७७ मध्ये अशा मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. त्या शाळेतली मुले आणि आज ज्यांना आपण अध्ययन अक्षम म्हणतो ती मुले यांत फरक आहे, आणि तो येथे स्पष्ट केलेला बरा. अध्ययन अक्षमतेत बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून वरची असते. अडते ते वाचन, लेखन किंवा गणित यांच्याशी. गोंधळात भर म्हणजे ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द बौद्धिक अक्षमतेसाठीच वापरतात, त्यामुळे तिकडचे साहित्य वाचून आलेले पालक चुकीचाच धसका घेऊन येतात.

अशा मुलांचा प्रश्न महाराष्ट्रात संघटितपणे मांडला गेला तो मुंबईत आणि प्रामुख्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळांभोवती. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षापासून राज्य शासनाने शालान्त परीक्षेपर्यंतच्या सवलती औपचारिकपणे लागू केल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, दुसऱ्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित आणि सोबत कार्यानुभवाचा विषय, असे त्यांचे स्वरूप होते. देशात हे पाऊल अगदी सुरुवातीच्या काळातले होते, हे श्रेय राज्याला द्यायला हवे. मात्र या सवलतींसाठी लागणारे अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र देणारी केंद्रे मोजकी आणि मुख्यतः मुंबईतली होती. नाशिककर पालकांसाठी याचा अर्थ पहाटे उठून मुलासह नाशिकरोड स्थानक गाठणे, पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरणे, तेथून लोकलने शीवला जाऊन लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणे, असा होता. बुद्ध्यंक, वाचन-लेखन आणि डोळे-कान यांच्या तपासण्या एका खेपेत क्वचितच उरकत.

या खेपांच्या आधी आणि नंतर जे काम उरे, ते शाळेवर येई. शाळेचा अहवाल, मागच्या इयत्तांची गुणपत्रके, वह्यांचे नमुने हे सारे गोळा करून द्यावे लागे. सवलत मिळाल्यावरही बीजगणित सोडले की पुढे विज्ञान शाखेकडे जाण्याची वाट अरुंद होते, तेव्हा केवळ जादा वेळ घ्यावा की विषयही बदलावा, असा प्रश्न उभा राहतो. आणि तो मुलाचे गणित रोज पाहणाऱ्या बाईंनाच विचारला जातो. शिवाय पालकांचा या कामातला सहभाग बहुतांशी मुलाच्या दहावीपर्यंतचा. निकाल लागला, पेढे वाटून झाले की घर पुढच्या चिंतांना लागते आणि ते स्वाभाविकही आहे. शिक्षिकेच्या वर्गात मात्र जूनमध्ये तसेच दुसरे मूल येऊन बसलेले असते. संस्थेची स्मृती त्यामुळे शिक्षकांपाशी साठत गेली आणि अध्यक्षपदही हळूहळू त्यांच्याकडे आले, असे माझे मत आहे.

डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ प्रदर्शित झाल्यावर ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरात पोहोचला. त्या कथेतही मुलाची अडचण ओळखणारा माणूस चित्रकलेचा शिक्षक आहे, हे लक्षात घेण्याजोगे.

हे काम मानद राहण्यामागे कायद्याचाही हात आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली. सेवेतल्या शिक्षिकेने शनिवारी दुपारी अशा मुलांचा उपचारात्मक वर्ग घेतला, तर तो विनामूल्य आणि संस्थेच्या नावावर असणेच तिच्या दृष्टीने सुरक्षित ठरते. कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामांपासून संरक्षण देते, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणून निवडणुकीच्या हंगामात हे वर्ग ओस पडतात. याच कायद्याने आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण आणले. त्यामागचा हेतू चांगला होता, परंतु वाचता न येणारे मूल त्यामुळे वरच्या वर्गांत सरकत राहिले आणि अडचण उघडी पडली ती थेट नववीत, जेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. शाळेतले शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. संस्थांना पूर्ण वेळ देणारे अध्यक्ष मिळतात ते बहुतेक या वयानंतरचे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत तो केला आणि हा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून देता येऊ लागले आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी ठरवण्यात आली. म्हणजे आठवी-नववीतल्या मुलाला एकदा आणि बारावीच्या सुमारास पुन्हा एकदा त्याच चाचण्यांना बसणे आले.

चाचण्यांच्या भाषेचा प्रश्न तर मराठी शाळांना फार काळ सोसावा लागला. बुद्धिमापनासाठी वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला बिने चाचणीचे मराठी आणि कन्नड रूपांतर केले होते, पण वाचनदोष मराठीतूनच तपासणारे प्रमाणित साधन मिळाले ते २०१५ मध्ये, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या ‘डाली’ या संचामुळे. इंग्रजीत ‘बी’ आणि ‘डी’ची उलटापालट हे लक्षण सर्वांना ठाऊक आहे. देवनागरीत मूल अडते ते निराळ्या जागी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर, ‘र’ कधी रफार होऊन डोक्यावर बसतो, कधी ‘क्र’मध्ये पोटात शिरतो, कधी ‘ट्र’मध्ये पायाशी येतो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक एखाद्या रेषेचा. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे तोंडी बिनचूक सांगणारा पाचवीतला मुलगा वहीत ‘सुय पुवेला’ लिहितो आणि शेजारी लाल शाईत ‘निष्काळजी’ असा शेरा पडतो. गणितात ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी येतो, म्हणून मूल ५२ लिहून बसते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी संख्यावाचनाची पर्यायी रीत आली तेव्हा राज्यभर थट्टा झाली. उपचारात्मक वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेला मात्र त्या वादात आपल्या वर्गातली चार मुले दिसत होती.

उपायही पुष्कळदा घरचाच निघतो. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे आणि सोबत मोठ्याने म्हणायचे, ही धुळाक्षरांची रीत ऑर्टन-गिलिंगहॅम यांच्या पद्धतीच्या फार जवळची आहे. आता धुळीच्या जागी स्टीलच्या ताटात रांगोळी किंवा रवा असतो. मूल तर्जनीने ‘र्य’ काढते, मोडते, पुन्हा काढते. एका अक्षराला कधी अख्खा तास जातो.

हा वर्ग सुटल्यावर अध्यक्षबाईंचे दुसरे काम सुरू होते. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते, त्यामुळे दरवर्षी हिशेबतपासणी आली आणि कार्यकारिणी बदलली की कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज दाखल करणे आले. मावळत्या अध्यक्षांची सही, नव्यांची संमतिपत्रे, सभेच्या सूचनेची प्रत आणि इतिवृत्ताचा उतारा यांपैकी एक कागद कमी पडला तरी अर्ज रखडतो. अर्ज मंजूर होईपर्यंत बँकेतली सह्यांची नोंद बदलण्यात अडचणी येतात, आणि पद सोडून बसलेल्या बाई धनादेशावर सही करण्यापुरत्या तरी पुन्हा बोलावल्या जातात.