जांभळी पडलेली काच

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात परवा एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचं सामान भंगारात निघालं. स्टुडिओवाल्यांचा पुतण्या एनलार्जरचं, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवणाऱ्या यंत्राचं, भिंग काढून त्यावर टूथपेस्ट घासायच्या बेतात होता. "काकाजी, काच जांभळी पडली हो, चमकवून देतो." मी त्याचा हातच धरला. ते निकॉन कंपनीचं ५० मिलिमीटरचं ईएल-निक्कोर भिंग होतं, आणि तो जांभळा रंग कारखान्यात मुद्दाम चढवलेल्या पातळ लेपाचा असतो.

काच पारदर्शक खरी, पण तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. या भिंगात सहा काचा, काही एकमेकींना चिकटवून, चार गटांत बसवल्या आहेत, म्हणजे हवेला लागलेले पृष्ठभाग आठ. लेप नसता तर पलीकडे जेमतेम ७२ टक्के प्रकाश पोचला असता. उरलेला नुसता वाया गेला असता तर एक्स्पोजर वाढवून भागलं असतं. पण परतलेला प्रकाश काचांमध्ये आपटत राहतो आणि त्यातला काही भलत्याच जागी सांडतो. निगेटिव्हवर जिथे काळं, तिथे कागद कोरा राहायला हवा. नेमका तिथे तो पडतो. पोळ्याच्या फोटोतलं पांढरंशुभ्र धोतर मग मळकट दिसतं. झाइस या जर्मन भिंग कंपनीच्या पॉल रुडॉल्फचं १८९६ सालचं 'प्लॅनार' भिंग याच आठ पृष्ठभागांमुळे मागे पडलं. त्याचंच १९०२ चं 'टेसार' सहा पृष्ठभागांचं होतं, ते जगभर चाललं.

आता लेपाकडे येऊ, कारण माझा जीव त्यातच अडकलाय. काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर देतात, जाडी सुमारे १०० नॅनोमीटर. आता प्रकाश दोनदा परततो: एकदा थराच्या वरून, एकदा थराखालच्या काचेवरून. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी हवेत ५५० नॅनोमीटर, पण या थराचा अपवर्तनांक (हवेच्या मानाने प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) १.३८ असल्याने थरात ती ४०० होते. १०० म्हणजे बरोबर पाव लाट. दुसरा किरण थरातून जाऊन-येऊन अर्धी लाट मागे पडतो, म्हणून पहिल्याच्या उंचवट्यावर दुसऱ्याचा खळगा येतो आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. पुरते खोडायला दोन्ही सारखे बलवान हवेत. त्यासाठी थराचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाच्या वर्गमुळाएवढा, साधारण १.२३ लागतो. तेवढा कमी असलेला टिकाऊ पदार्थ हाती नव्हता, म्हणून १.३८ वर भागवलं. तरी परावर्तन ४ वरून दीड टक्क्याच्या खाली येतं. खोडलेला प्रकाश नाहीसा होत नाही, तो काचेतून पुढे जातो. परत येतात ती वर्णपटाची दोन टोकं, तांबडं आणि निळं. त्यांची मिसळ जांभळी दिसते.

ही युक्ती सापडली ती डागाळलेल्या काचेमुळे. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या कुक या दुर्बिणी-भिंगांच्या कंपनीत डेनिस टेलरला १८९० च्या दशकात दिसलं की हवेने डागाळलेली जुनी भिंगं नव्यांपेक्षा जास्त प्रकाश सोडतात. तीन काचांचं प्रसिद्ध 'ट्रिप्लेट' भिंग याचंच. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने निर्वातात थर चढवायची पद्धत काढली, आणि जर्मनीने ती लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली.

स्टुडिओतल्या निगेटिव्हच्या पिशवीत तिघातिघांचे कितीतरी फोटो निघाले. तिघांचा फोटो काढला की मधला दगावतो, ही समजूत अजूनही आमच्याकडे घराघरात आहे. एका निगेटिव्हमध्ये मधोमध खुद्द स्टुडिओवालेच बसलेत. आज ऐंशी ओलांडून ओट्यावर बसतात. 'जर्मन काचेची जादू' म्हणून जुनी भिंगं दामदुप्पट विकणाऱ्यांवरही असाच विश्वास ठेवू नका. आत बुरशी आहे का, ते आधी टॉर्च लावून बघा. पावसाळ्यात ती धरते आणि काच खाते.

घरी जुना कॅमेरा असेल तर भिंग ट्यूबलाइटखाली तिरकं धरा. आत ट्यूबच्या लहानमोठ्या प्रतिमा दिसतील. पांढरीफेक असेल तिथे लेप नाही. तांबूस-पिवळी असेल तर थर जरा पातळ, निळी असेल तर जाड. आम्ही त्या निक्कोरमध्ये मोजल्या तेव्हा पुतण्याला सहा सापडल्या, मला सात. आठवी शेवटी त्यानेच दाखवली.