मोतीबिंदू आणि काचबिंदू एकाच डोळ्यात

मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशननंतर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. त्यामुळे दोन्ही एकाच डोळ्यात असले, की ‘एकदाच काय ते उरकून टाका’ हे म्हणणं वाटतं तितकं सोपं नसतं. डोळ्यातलं पाणी नेमकं कुठे अडलंय आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस किती शाबूत आहे, हे आधी पाहावं लागतं.

हे पाणी आत सतत तयार होतं आणि पारपटलाच्या (कॉर्नियाच्या) कडेला, ते आणि बुबुळाचा रंगीत पडदा यांच्यामधल्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर जातं. ते अडलं की डोळ्यातला दाब वाढतो आणि नस खराब होत जाते; हाच काचबिंदू. वय वाढतं तसं भिंग जाड होतं आणि काही डोळ्यांत तो कोनच मिटवतं. अशा डोळ्यात नुसता मोतीबिंदू काढला तरी दाब चांगला उतरतो. चार-पाच मिलिमीटर जाडीच्या भिंगाच्या जागी जेमतेम एक मिलिमीटरचं कृत्रिम भिंग येतं, मग कोन उघडणारच. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल’ चाचणीत तर बंद कोनाच्या पन्नाशीपुढच्या रुग्णांमध्ये मोतीबिंदू नसतानाही भिंग काढणं लेसरपेक्षा सरस ठरलं.

कोन उघडा असून जाळीच तुंबली असेल, तर एवढ्याने भागत नाही. दाब थोडा उतरतो, पण तो तसाच टिकेल याची खात्री नसते. आजार सौम्य असेल तर फेको (मोतीबिंदूचं बारीक छेदातून होणारं ऑपरेशन) करतानाच त्याच छेदातून जाळीत मिलिमीटरभर लांबीचा स्टेंट, म्हणजे पाणी जायला बारीकशी नळी, बसवता येतो. डोळ्यात घालायचे औषधाचे थेंब कमी होतात, धोकाही कमी; पण दाब फार खाली जात नाही. नवं उपकरण म्हणून भाळून जाण्यातही अर्थ नाही: ‘सायपास’ हा स्टेंट पारपटलाच्या पेशी घटतात असं दिसल्यावर 2018 मध्ये बाजारातून परत घ्यावा लागला.

नस बरीच खराब झाली असेल तर 1968 पासून चालत आलेली ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही शस्त्रक्रियाच माझ्या मते भरवशाची. वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडप करून पाण्याला नवी वाट देतात. वरच्या पातळ पापुद्र्याखाली छोटा फुगवटा येतो. जखम भरून ही वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावतात. म्हणजे जखम नीट भरली तर ऑपरेशन फसलं! मोतीबिंदू सोबतच काढला, तर जादा सुजेमुळे ही वाट बुजण्याचा संभव वाढतो. म्हणून दाब खूपच खाली आणायचा असेल तर काही सर्जन आधी ट्रॅबेक्युलेक्टॉमी करून मोतीबिंदू काही महिन्यांनी काढतात. फुगवट्यातून जंतुसंसर्गाचा धोका मात्र जन्मभर राहतो. डोळा लाल झाला, दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि दूरचं-जवळचं दोन्ही दिसावं म्हणून बसवतात ते महागडं मल्टिफोकल भिंग अशा डोळ्यात सहसा टाळतात, कारण काचबिंदूने आधीच मंदावलेला उजेड-सावलीतला फरक त्याने आणखी पुसट होतो.