चकमकीच्या अमेरिकन रायफलची हस्तनिर्मित प्रतिकृती : पात्रता, कागदपत्रे आणि परवाने

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी लांब नळीची, चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने दारू पेटवणारी जी रायफल घडवली, तिच्या प्रतिकृती आजही काही अमेरिकन कारागीर मॅपलच्या लाकडाचा दस्ता हाताने कोरून आणि पितळी साज बसवून तयार करतात. दिसायला ती संग्रहातील वस्तू वाटली, तरी ती प्रत्यक्ष गोळी झाडणारी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची रायफल असते. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी हौशी मंडळींनी ती मागवण्यापूर्वी कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी.

अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यानुसार, म्हणजे १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार, १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘पुरातन’ मानली जाते. केवळ काळ्या दारूवर (जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूवर) चालणारी आणि तयार काडतूस वापरताच येणार नाही अशी ठासणीची रायफल काल घडवलेली असली, तरी तिलाही हीच व्याख्या लागू होते. अशा खरेदीसाठी परवानाधारक विक्रेता, फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीदाराने भरायचा संघराज्यीय अर्ज) किंवा पार्श्वभूमी तपासणी यांची संघराज्यीय अट नाही. एच-१बी या नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तींवर बंदुका बाळगण्याबाबत जे संघराज्यीय निर्बंध आहेत, तेही ‘पुरातन’ बंदुकीला लागू होत नाहीत. मात्र आधुनिक बंदुकीचा सांगाडा वापरून केलेली किंवा नळी अथवा मागचा भाग बदलून काडतुसावर सहज चालवता येणारी रायफल या सवलतीत बसत नाही.

म्हणून कारागिराकडून तपशीलवार पावती घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रायफल ठासणीची आहे, ठिणगी चकमकीने पडते आणि तयार काडतूस चालत नाही, ही तिन्ही विधाने पावतीत असावीत आणि नळीचा व्यास व घडवल्याचे वर्षही नोंदवलेले असावे. पुढे कोणत्याही चौकशीत हाच कागद उपयोगी पडतो.

राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात. उदाहरणार्थ, न्यू जर्सीत झाडण्यासाठी ठासणीची रायफल घ्यायची असल्यास बंदूक खरेदीदाराचे ओळखपत्र आधी काढावे लागते. पूर्वी गुन्हा सिद्ध झालेल्या व्यक्तीने तर संघराज्यीय सवलतीवर विसंबून न राहता आपल्या राज्यातील वकिलाचा सल्ला घ्यावा. बंदुकीच्या दारूचा नियम वेगळा आहे. पुरातन बंदुकीत खेळ, करमणूक किंवा सांस्कृतिक कारणांसाठी वापरायची, कारखान्यात बनलेली काळी दारू ५० पौंडांपर्यंत संघराज्यीय स्फोटक परवान्याविना ठेवता येते. ती टपालाने मात्र पाठवता येत नाही.

पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून हरणांच्या शिकारीसाठी चकमकीच्या बंदुकांचा स्वतंत्र हंगाम आहे आणि तो नाताळानंतर सुरू होतो. त्यासाठी शिकारीचा सर्वसाधारण परवाना आणि ठासणीच्या बंदुकीचा जोडपरवाना असे दोन्ही लागतात, तर प्रथमच परवाना घेणाऱ्याला शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते.

भारतात परतताना ही रायफल सामानात टाकण्याचा विचारही करू नये. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार चालू स्थितीतील ठासणीची बंदूकही अग्निशस्त्रच आहे. कोकणातील शेतकऱ्याला पीकसंरक्षणासाठी अशीच बंदूक ठेवायची असली, तरी परवाना घ्यावा लागतो. बाळगण्यासाठी कलम ३ आणि आयातीसाठी कलम १० नुसार स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्जदाराचे वय सर्वसाधारणपणे २१ वर्षे पूर्ण असावे लागते. अर्ज गृह मंत्रालयाच्या एनडीएएल-एएलआयएस या शस्त्र परवान्यांच्या संकेतस्थळावरून परवाना प्राधिकाऱ्याकडे जातो आणि त्यासोबत छायाचित्रे, जन्मतारखेचा, ओळखीचा व निवासाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी जोडावी लागते. कलम ४५ मधील सूट कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या, पण दुरुस्ती करूनही झाडता येणार नाहीत अशाच शस्त्रांना आहे. आपली प्रतिकृती त्यात बसते असे वाटत असल्यास, ती पाठवण्याआधी परवाना प्राधिकाऱ्याचे आणि सीमाशुल्क विभागाचे लेखी उत्तर मिळवावे.