संस्थेचं बँक खातं नाशिकमध्ये उघडताना: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

धर्मादाय कार्यालयातून नोंदणी प्रमाणपत्र हातात पडलं की पहिली फेरी बँकेत होते. तिथे 'बचत की चालू' हा प्रश्न लगेच येतो आणि त्याचं उत्तर आपल्या मर्जीवर नाही, नोंदणीच्या प्रकारावर ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालची संस्था आणि कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी बचत खात्याला पात्र असते. फक्त न्यासपत्रावर उभ्या असलेल्या ट्रस्टला मात्र संपूर्ण उत्पन्न आयकरमुक्त असल्याचं दाखवावं लागतं. म्हणून आयकरमाफीची नोंदणी (बोलीभाषेत 'बारा-ए') झालेली नसेल तर शाखा चालू खातं पुढे करते. त्यावर हुज्जत घालण्यात महिना घालवू नये. चालू खातं घ्यावं आणि आयकराचा आदेश आला की बचत खात्यासाठी अर्ज करावा.

महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखालची संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवली जाते. तिच्याकडे प्रमाणपत्रं दोन असतात आणि दुसऱ्यावर 'एफ' क्रमांक असतो. निव्वळ ट्रस्टला 'ई' क्रमांक मिळतो. पहिलंच प्रमाणपत्र घेऊन गेलात तर बँक दुसरं आणायला परत पाठवणार.

नावातला एक 'यू'

खातं रखडण्याचं सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात चिवट कारण म्हणजे नावाचं इंग्रजी स्पेलिंग. प्रमाणपत्र मराठीत असतं, पॅन कार्ड इंग्रजीत. 'बहुउद्देशीय' हा शब्द इंग्रजीत लिहिताना कोणी दोन 'यू' घालतं, कोणी एक. शेवटचा 'ए' कोणी लावतं, कोणी सोडतं. 'शिक्षण प्रसारक' आणि 'ग्रामविकास' एकत्र लिहायचे की तोडून, त्यातही तीच गत. पॅनवर एक, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं संकेतस्थळ) दुसरं आणि बँकेच्या अर्जावर तिसरं नाव पडलं की अर्ज परत येतो. बँकेने तो कसाबसा पुढे रेटला तरी पुढे अनुदानाची रक्कम 'नाव जुळत नाही' म्हणून परत जाऊ शकते. उपाय सोपा आहे. पॅनचा अर्ज करण्याआधी कार्यकारी मंडळाच्या ठरावात इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर लिहून ठेवा आणि पुढे सगळीकडे तेच वापरा. पॅनमधलं चौथं अक्षरही पाहा: ट्रस्टसाठी 'टी', व्यक्तींच्या समूहासाठी 'ए', कंपनीसाठी 'सी'. अध्यक्षांचा वैयक्तिक पॅन संस्थेच्या खात्याला लावता येत नाही, मग संस्था कितीही छोटी असो.

दर्पण नोंदणी आता टाळण्यासारखी राहिलेली नाही. ना-नफा संस्थेचा तपशील दर्पणवर आहे की नाही हे पाहणं आणि नसल्यास तो नोंदवणं हे बँकेवर बंधनकारक आहे. आधी स्वतःच नोंदणी करून क्रमांक घेऊन गेलात तर शाखेत अर्ज अडण्याचं एक कारण कमी होतं.

ठराव कसा लिहावा

फाइलमध्ये दोन्ही प्रमाणपत्रं, घटना व नियमावली किंवा न्यासपत्र, पॅन, पत्त्याचा पुरावा, सह्या करणाऱ्यांचे आधार, पॅन व फोटो आणि ठरावाची खरी नक्कल एवढं लागतं. यातला घोळ बहुतेक ठरावातच होतो. चालेल असा मजकूर असा:

"ठराव क्र. ४: संस्थेच्या नावे ____ बँकेच्या ____ शाखेत बचत खाते उघडण्यात यावे. खात्याचा व्यवहार अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने करण्यात यावा. इंटरनेट बँकिंगवर एकाने व्यवहार नोंदवावा व दुसऱ्याने तो मंजूर करावा. सूचक ____, अनुमोदक ____. सर्वानुमते मंजूर."

'त्यातली एक सही खजिनदाराचीच' अशी अट बऱ्याच संस्था हौसेने घालतात. ऐकायला ती शिस्तीची वाटते, पण खजिनदार मुलाकडे परदेशी गेले किंवा आजारी पडले की पगारसुद्धा थांबतात. तिघांपैकी कोणतेही दोन हेच बरं. फक्त तिघांतले दोघं एकाच घरातले नसावेत. ठरावात 'दोघांच्या सहीने' आणि बँकेच्या अर्जावर 'कोणीही एक' अशी खूण, ही चूकही नेहमीची. इंटरनेट बँकिंगचं वाक्य मुद्दाम घातलंय, कारण काही बँका संयुक्त सहीच्या खात्याला फक्त शिल्लक पाहण्यापुरती सोय देतात. हे खातं उघडण्याआधीच विचारा.

पत्ता सचिवांच्या घरचा असेल तर घरपट्टीची पावती किंवा वीजबिल आणि घरमालकाचं ना हरकत पत्र जोडा. बँकेचा माणूस पडताळणीला येतो तेव्हा दारावर संस्थेची पाटी लागते. सिडको किंवा इंदिरानगरच्या अपार्टमेंटमध्ये ती नेमकी नसते आणि शेजारी सांगतात, इथे अशी कुठली संस्था नाही.

जुन्या संस्थांचं दुखणं वेगळं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत १९५० च्या अधिनियमातल्या कलम २२ चा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात करायचा असतो. तो केला नाही तर परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद) जुनीच नावं राहतात आणि बँक तोच उतारा मागते. दोन गटांत वाद असेल तर एका गटाच्या पत्रावरही व्यवहार थांबू शकतात. नव्या खात्याची घाई असेल तर आधी बदल अर्जाची स्थिती पाहा.

बँक निवडताना

व्याजदराकडे शेवटी पाहा. लगेच खर्च न होणारा पैसा कुठे ठेवायचा हे त्याच अधिनियमाचं कलम ३५ सांगतं: शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, राज्य शासनाने मान्यता दिलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे. या यादीत पतसंस्था नाही. नाशिक जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि एखादा टक्का जास्तही देतात. पण त्या ठेवींना ठेव विम्याचं संरक्षणसुद्धा नसतं. बँकेतही हे संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंतच आहे. कॉलेज रोडला एक आणि नाशिक रोडला दुसरी ठेव ठेवली, पण बँक एकच असेल, तर विमा दुप्पट होत नाही. सहकारी बँक असेल तर कलम ३५ साठी शासनाची मान्यता आहे का, हे लेखी मागा.

काम पेठ, सुरगाणा, हरसूलकडे असेल तर तिथल्या कार्यकर्त्याला रोख भरता-काढता येईल अशी बँक घ्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून सीएसआर निधी (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा पैसा) घ्यायचा असेल तर त्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते आणि प्रकल्पासाठी वेगळं खातं मागितलं जाऊ शकतं. म्हणून त्याच ग्राहक क्रमांकाखाली दुसरं खातं उघडता येतं का, हे विचारून ठेवा. क्यूआर कोडही संस्थेच्याच खात्याचा हवा. खजिनदाराच्या फोनवर घेतलेली देणगी कागदोपत्री खजिनदाराचीच ठरते. रोख देणगीवर देणगीदाराला ८०-जीची आयकर सवलत २,००० रुपयांपर्यंतच मिळते, तेव्हा मोठ्या देणगीदाराला धनादेश किंवा ऑनलाइनच सांगा.

परदेशी देणगी यातल्या कुठल्याही खात्यात घेता येत नाही. एफसीआरए (परदेशी देणगी नियमनाचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल तरच ती घेता येते, आणि तीही भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच. नाशिकच्या खात्यात एखाद्या परदेशी नागरिकाने चुकून पैसे पाठवले, तर ते खर्च न करता त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि पोच घेऊन फाइलला लावा.